पाठीमागची जागा

आमच्या मास्तरांच्या एकाही शर्टाला बटणं नव्हती. ठाण्याच्या कुठल्याशा शिंप्याकडून त्यांनी सगळ्या शर्टांना टिचबटणं लावून घेतली होती. कुणी गळ्याशी धरून ओढलं की शर्ट पटापट उघडायचा, फाटायचा नाही, आणि मास्तर बनियनवर मोकळे व्हायचे. मग ओढणाऱ्याच्या हातात राहिलेल्या शर्टाकडे बघून शांतपणे म्हणायचे, "घ्या, धुवायला टाकायचाच होता." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही. आपल्या अंगावर कुणीतरी येणार असं धरूनच इथला मुख्य माणूस घरून निघतो, तर आपलं काय होणार, हाच विचार मनात आला.

भिवंडीतलं मतिमंदांचं ते केंद्र. 'मुलांचं केंद्र' म्हणायचे, पण मुलं कसली, निम्मे तिशी ओलांडलेले बाप्ये होते. अठरा माणसं, चार खोल्या, एक मोठा हॉल, आणि पलीकडच्या भिंतीला खेटून पॉवरलूमचा कारखाना. दिवसरात्र खटखट. मीही त्याआधी सहा वर्षं अशाच एका कारखान्यात कांड्या भरायचे, म्हणजे लूमला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायचं काम. नवऱ्यानं टाकलं होतं, आईला सांभाळायचं होतं, आणि कापसाच्या धुरळ्यानं खोकला धरला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून केंद्रात आले. नवऱ्याकडून एक गोष्ट मात्र पक्की शिकून आले होते. पुरुषाचा हात उठला की तोंड उघडायचं नाही, भिंतीला लागून उभं राहायचं. बोललं की दोन जास्त पडतात.

तर अशी मी, आणि माझी ड्युटी लागली बाळारामच्या खोलीवर.

बाळाराम भिवंडीजवळच्या पूर्णा गावचा. घरची शेती होती, तिथं आता गोडाऊनं उभी राहिलेली. वय पस्तीस, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, बोलणं दहा-बारा शब्दांचं. भावानं त्याला गोडाऊनच्या वॉचमनच्या खोलीत साखळीला ठेवला होता. उजव्या घोट्याला काळं कडं उमटलेलं होतं, ते कधी गेलं नाही. माझ्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं माझे केस धरून मला खिडकीच्या गजावर आपटलं. भुवईला तीन टाके पडले. खूण अजून आहे.

त्या दिवसापासून मी कानातलं काढून ठेवलं, केस ओढणीत बांधले. सकाळी रिक्षातून उतरायच्या आधी तोंडाला पाणी सुटायचं, उलटीच्या आधी सुटतं तसं. खोलीत शिरताना दार उघडंच ठेवायचे. रात्री आई विचारायची, "आज कसा व्हता?" मी म्हणायचे, "बरा होता." आईला खोटं कळायचं, पण ती परत विचारायची नाही.

मास्तरांनी त्या दिवशी मला घरी पाठवलं नाही. टाके घालून आणलं, चहा पाजला आणि वही पुढं केली. "सांगा ताई. केस धरायच्या आधी काय झालं?"

"काही नाही झालं. उगाच मारलं त्यानं."

"उगाच हा शब्द या केंद्रात चालत नाही." आणि खरंच चालत नव्हता. 'उगाच' म्हटलं की मास्तर लिहिणं थांबवायचे, पेनाचं टोपण लावायचे आणि तुमच्याकडे बघत बसायचे. तुम्हाला दुसरं काहीतरी आठवेपर्यंत उठू द्यायचे नाहीत. टाके ठणकत होते आणि हा माणूस मला विचारत होता, खिडकी उघडी होती का, त्याचं पोट साफ झालं होतं का, मी कुठल्या बाजूनं गेले, चप्पल होती का. मला त्यांचा इतका राग आला की मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या हासडल्या.

माणूस विक्षिप्त, यात शंका नाही. कशेळीच्या पुलावरची ट्रॅफिक चुकवायला पहाटे निघायचे आणि साडेसहाला केंद्रात हजर. आम्हा बायकामाणसांना 'ताई', वॉचमनला 'भाई', आणि केंद्रातल्या मुलांना मात्र 'शेठ'. "बाळारामशेठ, आंघोळ आता की जरा वेळानं?" केंद्र चालवणारे खरे शेठ, पंचवीस-तीस लूमचे मालक, त्यांना हे फार झोंबायचं. ते भेटीला आले की दोन्हीकडून 'शेठ, शेठ' चालायचं आणि खरे शेठ गोरेमोरे व्हायचे. मास्तर रुजू झाले तेव्हा केंद्रात एक काठी होती, जुन्या लोकांनी मुलांच्या धाकासाठी ठेवलेली. ती त्यांनी पहिल्याच दिवशी मागच्या अंगणात रोवली आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला. त्या दोडक्याची भाजी आम्ही दोन वर्षं खाल्ली.

दुपारभर ते हॉलच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायचे. हलायचे नाहीत, बोलायचे नाहीत, पाल बसते तसे. वहीत तीन रकाने होते. आधी काय, तेव्हा काय, नंतर काय. कुणी मारलं, चावलं, डोकं आपटलं की तिन्ही रकाने भरायचे. आणि काहीच झालं नाही तरी लिहायचं. "शांत होता तर का शांत होता, तेही कळायला नको?" म्हणायचे. आम्हाला वाटायचं, याला काम नाही.

एक चंदा म्हणून मुलगी होती. नवा झगा घातला की टराटरा फाडायची. तिच्या अंगात येतं असं सगळे म्हणायचे. मास्तरांनी आठवडाभर लिहिलं आणि मग तो झगा स्वतःच्या अंगात बनियनच्या खाली घालून दिवसभर हिंडले. संध्याकाळी पाठ लालभडक. कापड शेठनीच आपल्या कारखान्यातून दान दिलेलं होतं, खळ न काढलेलं, पापडासारखं कडक. तीन वेळा गरम पाण्यातून काढल्यावर चंदानं तोच झगा महिनाभर घातला. इथवर ठीक होतं. पण मास्तरांनी उरलेलं कापड एका चिठ्ठीसकट शेठच्या घरी परत पाठवलं. 'आपण आधी घालून बघावे' असं त्यात लिहिलं होतं. शेठनी कापड ठेवून घेतलं आणि त्यानंतर दोघांत बोलणं बंद झालं. निरोप वॉचमनच्या हाती जायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाळारामनं वॉचमनचं बोट मोडलं. वॉचमन उत्तरेकडचा, आधी लूमच चालवणारा. प्लास्टर घालून आला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "मास्टरजी, ये तो बिना बात मारता है." 'उगाच'चं हिंदी ऐकून मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

शेठचा निरोप आला. एक महिना बघू. या महिन्यात आणखी कुणाला लागलं तर बाळारामचा भाऊ त्याला घेऊन जाईल. भाऊ दुसऱ्याच दिवशी येऊन उभा राहिला. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. म्हणाला, "आमी काय हौस म्हनून बांधला न्हाय त्याला, मास्तर. गाड्या लागतात, मानसं येतात कामाला. धरायचा तर मागूनच धरायला लागते. पुढून गेला का आंगावर येतो. आताशा साखली नवीन आनलीय, पायाला लागत न्हाय." हे तो आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत होता. मला त्या नव्या साखळीची भीती वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, नेऊ दे, सुटेन मी. हे वाटलं ते लपवत नाही.

त्या रविवारी मास्तर घरी गेलेच नाहीत. वहीतून एक यादी काढत बसले. आम्हाला वाटलं, कुणाकुणाला लागलं त्यांची असेल. तर ती बाळारामच्या हातून ज्यांना कधीच लागलं नाही त्यांची होती. तिच्यात दोनच नावं. एक खुद्द मास्तर, कारण ते स्टुलावरून उठतच नसत. दुसरं बुधीबाई.

बुधीबाई स्वयंपाकाला होती. डोंगराकडच्या पाड्यावरची, एवढीशी, वाळक्या शेंगेसारखी. दोन वर्षं बाळारामला दोन वेळचं ताट तिनंच नेलं होतं. मास्तरांनी तिला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"मी काय बी न्हाय करत. त्याला दिसंल अशी जातंय."

मास्तरांनी तिला त्या दिवशी सात वेळा रिकामं ताट घेऊन जायला लावलं. ती दारातून शिरायची, सरळ जायची नाही, वळसा घालून त्याच्या समोर यायची, चार हातांच्या अंतरावर उकिडवी बसायची आणि म्हणायची, "बाला, मी आले." मग ताट सरकवायची. आठव्यांदा ती वैतागून म्हणाली, "आता किती येला बगाल मास्तर? तो भ्यालेला हाय, माजलेला न्हाय."

मग मास्तरांनी मला चालायला लावलं. रोजच्यासारखं जा म्हणाले. मी गेले, बाळाराम खिडकीकडे तोंड करून बसला होता, मी मागून जाऊन...

"थांबा! हात बघा तुमचा."

माझा हात त्याच्या खांद्याच्या दिशेनं उचललेला होता. मला माहीतही नव्हतं. लूमच्या खात्यात कुणी कुणाला हाक मारत नाही, मारून उपयोगच नसतो. कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू जात नाही. मागून जायचं आणि खांद्यावर थाप मारायची, ही तिथली हाक. जॉबर, म्हणजे लूमवरचा मुकादम, तसाच बोलावतो, शेठ तसाच बोलावतो, चहावालाही. वॉचमन लूमवाला, केंद्रातले दोघं मदतनीस लूमवाले, मी कांडीवाली. केंद्रात भिंतीपलीकडे तीच खटखट, आणि आमचे हात तीच हाक मारत होते. बुधीबाईनं कारखान्यात कधी पायच ठेवला नव्हता.

मला हे पटलं नाही. "खांद्यावर हात ठेवला म्हणून कुणी भुवई फोडतं का?" मी म्हटलं.

मास्तरांनी मला रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसवलं, तोंड भिंतीकडे. म्हणाले, "तासाभरात कधीतरी मी मागून येईन. वळून बघायचं नाही." आणि निघून गेले. पहिली पाच मिनिटं मी मनात हसत होते. मग पाठ जड व्हायला लागली. पलीकडे लूमचा धडधडाट, पावलं ऐकू येण्याची सोयच नाही. मानेवरचे केस उभे राहिले. आत्ता येईल, आत्ता. नवरा आठवला. तो कधी मागून यायचा हेही कळायचं नाही मला, भांडी घासत असायचे मी. तळहात ओले झाले, रडू यायला लागलं, आणि मास्तर बहुतेक विसरून गेले असं वाटलं तेवढ्यात खांद्यावर बोटं टेकली. मी किंचाळले आणि कोपर असं मागं मारलं की मास्तर बरगडी धरून खालीच बसले.

दम परत आल्यावर त्यांचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुलला होता. "उगाच मारलंत, ताई?"

मी तिथंच बसून खूप रडले. त्यांनी रडू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. मागून कुणी जायचं नाही, वळसा घालून समोर यायचं, नाव घेऊन थांबायचं. बाळारामची जागा खिडकीपासून कोपऱ्यात हलवली, पाठीला भिंत येईल अशी. आणि त्याला एक खूण शिकवली. नको असेल तर पंजा समोर धरायचा. त्यानं पंजा धरला की आंघोळीचं पाणी निवलं तरी चालेल, पण थांबायचं. एकदा त्यानं नुसती गंमत म्हणून सकाळभर पंजा धरला आणि सगळं केंद्र पारोसं राहिलं. मास्तर म्हणाले, "त्याचं एकदा ऐकलं तर तो शंभरदा आपलं ऐकेल." न मारता पंजा दाखवला की बक्षीस म्हणून त्याला फाटकाशी उभं करायचे. टेम्पोत कापडाचे तागे चढताना बघणं हे त्याचं सगळ्यात मोठं सुख.

हे सगळं मास्तरांच्या इतकं अंगात मुरलं की ते बाजारातही कुणाकडे सरळ जाईनात. कांदेवाल्याकडे मोठा वळसा घालून, समोर उभं राहून, "मी आलो" म्हणायचे. बाजारात त्यांना दारुडा समजत.

बाळाराम तीन आठवडे शांत राहिला. मी खोलीत जायचे, पण चार हातांच्या आत कधी गेले नाही. ताट बुधीबाईच न्यायची. भीती कारण कळलं म्हणून जात नाही. उलट मला आता माझ्या हातांचीही भीती वाटायची.

महिना संपायला पाच दिवस होते तेव्हा ब्लँकेटवाटपाचा कार्यक्रम ठरला. पाहुणे, बॅनर, फोटोग्राफर, आणि नंतर सगळ्यांनी मिळून जेवण. कोपऱ्यात उजेड नाही म्हणून फोटोग्राफरनं पंगत हॉलच्या मधोमध मांडायला लावली. बाळारामची पाठ उघडी पडेल म्हणून मास्तर नको म्हणत होते, पण शेठचा हुकूम. शिवाय पाहुण्यांना घ्यायला मास्तरांनीच फाटकावर जायचं होतं. जाताना वळसा घालून माझ्यासमोर आले. "ताई, बाळारामशेठच्या पाठीमागची जागा तुमची. तिथं कुणी आलं तर पुढून या म्हणायचं. कुणी म्हणजे कुणीही."

"हो," मी म्हटलं.

मी त्याच्या मागं तीन पावलांवर उभी राहिले. तो वरणभात जेवत होता, मान खाली, खूश होता. शेठ हॉलच्या मागच्या दारानं आत आले. हातात ब्लँकेट, शेजारी कॅमेरेवाला. हसत हसत बाळारामकडे निघाले. माझ्या अंगावरून गेले, त्यांच्या अत्तराचा वास आला. 'शेठ, पुढून या,' एवढं म्हणायचं होतं. त्यांचा हात उचलला गेला. मी पाहिला. आणि माझी पाठ आपोआप मागं सरकून भिंतीला लागली, जीभ टाळूला चिकटली, आणि मी बघत राहिले.

शेठनी खांद्यावर थाप मारली.

ताट उडालं. शेठ पालथे पडले, चष्मा फुटला, ओठ फाटला, पांढऱ्या सदऱ्यावर रक्त. बायका किंचाळल्या. बाळाराम कोपऱ्यात जाऊन डोक्यावर दोन्ही हात घेऊन "न्हाय, न्हाय, न्हाय" करत होता. वॉचमन धावला, तोही त्याच्या मागूनच. "थांबा!" मास्तर फाटकापासून ओरडत आले. ते शेठकडे गेले नाहीत. बाळारामच्या समोर, सांडलेल्या वरणात फतकल मारून बसले आणि स्वतःचा पंजा धरून थांबले. हॉलमधली सगळी माणसं उभीच होती.

ऑफिसात शेठ ओठाला बर्फ लावून बसले. आधी फोन भावाला. "उद्या सकाळी गाडी घेऊन ये. हो, कायमचा."

मास्तर उभे होते. पाठीमागून वरणानं पँट भिजलेली. म्हणाले, "चूक माझी आहे. मागून जाऊ नका हे मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हाला नाही. कापडाच्या भांडणावरून मी तुमच्याशी बोलत नव्हतो. माझा हट्ट." एवढा अभिमानी माणूस, आणि शेठसमोर हे कबूल करत होता.

"मास्तर, सोडा यार. मी नुसता हात ठेवला, त्यानं उगाच..."

मी पाण्याचा ग्लास घेऊन दारात होते. आत्ता बोललं तर नोकरी जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. सकाळी येणारी गाडीही दिसत होती. त्याहून जास्त ती पायाला न लागणारी नवी साखळी दिसत होती.

"शेठ," मी म्हटलं, "मी तिथंच होते. तुम्हाला थांबवायचं काम माझं होतं. मला दिसलं आणि मी बोलले नाही."

"का नाही बोललीस?"

"घाबरले."

"बाळारामला?"

"तुम्हाला. पुरुषाचा हात वर झाला की माझा आवाज जातो. तुमचा हात चांगला होता, पण उठला ना. त्याचंही तसंच होतं, शेठ. तो बोलू शकत नाही म्हणून मारतो. मी मारू शकत नाही म्हणून गप्प बसते."

मास्तरांनी खाली बघितलं. शेठनी बर्फ टेबलावर ठेवला आणि निघायला उठले. दारात त्यांचा ड्रायव्हर पाठमोरा उभा होता. शेठचा हात सवयीनं त्याच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. शेठ आपल्याच हाताकडे बघत राहिले. "कारखान्यात तर आम्ही सगळे असंच बोलावतो," ते म्हणाले. मग ड्रायव्हरला वळसा घालून त्याच्या समोर गेले. जरा वेळानं बाहेरून त्यांचा फोनवरचा आवाज आला. "उद्या नको येऊस. नाही, नाही, राहू दे त्याला. महिना परत पहिल्यापासून धरू."

मास्तर पुढं दोन वर्षांनी गुडघ्यांच्या दुखण्यानं नोकरी सोडून गेले. केंद्र अजून आहे, मीही आहे. नव्या मुलींना मी त्यांच्या टिचबटणांची, पंज्याची, खुर्चीची गोष्ट सांगते, आणि त्या हसतात. एक गोष्ट मात्र मी सहसा सांगत नाही. ती ब्लँकेटवाटपाच्या दुसऱ्या दिवशीची.

त्या दिवशी मास्तर म्हणाले, "आज ताट तुम्ही न्या." मी नाही म्हणाले नाही. वळसा घालून समोर गेले, उकिडवी बसले, चार हातांच्या आत, पहिल्यांदाच. "बाळाराम, मी आले." माझे हात इतके थरथरत होते की वाटी ताटावर वाजत होती. त्यानं वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. बराच वेळ बघत होता. मग तो बसल्या जागी भिंतीकडे सरकला, आणि आपले दोन्ही भलेमोठे हात उचलून मांड्यांखाली घातले, आणि त्यांच्यावर दाबून बसला. समोर भात वाफाळत होता, भूक लागलेली होती, तरी हात काढीना. मी भिऊ नये म्हणून.

मी ताट त्याच्याकडे सरकवलं आणि माझेही हात मांड्यांखाली घातले. तेव्हा कुठं तो जेवायला लागला.